तक्त्यावरच्या ६/६ पलीकडे: राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांना एका चष्मेवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नेत्रशल्यचिकित्सकांच्या संघटनांचे पदाधिकारी व सदस्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

आदरणीय डॉक्टर मंडळी,
सप्रेम नमस्कार.

जुन्नर तालुक्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की महिना-दीड महिन्यानं माणूस जवळचा नंबर काढायला आमच्याकडे येतो. त्यामुळे तुमच्या हातून बरे झालेले डोळे पुढची कित्येक वर्षं आमच्या नंबर तपासायच्या ट्रायल फ्रेमसमोर असतात. तुमच्याकडे रुग्ण दोन-तीन तपासण्यांपुरता येतो. आमच्याकडे तो काडी तुटली म्हणून येतो, नातवाचा चष्मा करायला येतो, आणि बसल्या बसल्या आपल्या डोळ्यांचं खरं खरं सांगतो.

हे पत्र लिहायला कारण झालं ते एका मोठ्या नेत्ररुग्णालयाचं दोन ओळींचं उत्तर. माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही डोळ्यांत तिथं मोतीबिंदू काढून ट्रायफोकल, म्हणजे लांबच्या, मधल्या आणि जवळच्या अशा तीन अंतरांची, भिंगं बसवली. त्याला रात्री जो त्रास होतो तो मी लेखी कळवला. उत्तर आलं: रुग्णाची दूरची दृष्टी दोन्ही डोळ्यांत ६/६ (म्हणजे तक्त्यावर पूर्ण), जवळची एन-६ (म्हणजे बारीक छापील अक्षरं वाचता येतात), शस्त्रक्रियेचा परिणाम समाधानकारक. रुग्णालयाचं नाव लिहिण्यात मला रस नाही. याच धाटणीचे कागद वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या गिऱ्हाइकांनी मला दाखवले आहेत, म्हणून मी तुम्हा सर्वांना उद्देशून बोलतोय.

आमचा दादा टोमॅटो वाहतो. नारायणगावच्या बाजारात माल भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याणमार्गे पहाटेच्या आत वाशी गाठायची. उशीर झाला की भाव गेला. हे सगळं काम रात्रीचं, आणि पावसाळ्यात माळशेजचं धुकं वर. शस्त्रक्रियेआधी त्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय: शेती’ असं लिहिलं गेलं. खोटं नाही, आमची शेती आहे. पण रात्री गाडी चालवता का, हे त्याला कुणीही विचारलं नाही. आज तो मोबाइलवरचे भाव चष्म्याशिवाय वाचतो. दिवसा लांबचा बोर्ड वाचतो. रात्री मात्र समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रत्येक दिव्याभोवती त्याला एकात एक कडी दिसतात आणि त्या कड्यांतून बाहेर फुटलेल्या रेघा. दोन दिवे एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यांच्या मधून दुचाकी येत असेल तर ती उशिरा दिसते. त्यानं स्वतःहून रात्रीची खेप सोडली. आता पगारी ड्रायव्हर ठेवलाय आणि दादा घरी झोपू शकत नाही, कारण गाडी आणि माल दोन्ही दुसऱ्याच्या हातात असतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा धंदा चष्म्यांचा आहे. ज्याला शस्त्रक्रियेनंतर चष्मा लागत नाही, ते माझं गेलेलं गिऱ्हाईक. लांब-जवळ दोन्हीच्या प्रोग्रेसिव्ह काचेवर मला बऱ्यापैकी सुटतंही. तेव्हा हा माणूस स्वतःच्या पोटासाठी ओरडतोय अशी शंका कुणाला आली तर ती रास्त आहे. म्हणूनच माझ्या शब्दावर काही ठरवा असं मी म्हणत नाही. मी मोजमाप मागतोय. ते तुम्ही करा, तुमच्या साधनांनी करा, आणि जे निघेल ते लोकांसमोर ठेवा.

तुमच्याबद्दल मनात अढी असण्याचं मला कारणही नाही. वडिलांच्या काळात मोतीबिंदू काढलेल्या माणसाला अधिक दहा (+१०) नंबरच्या आसपासचा जाड काचेचा चष्मा लागायचा. त्या काचेतून माणसाचा डोळा मोठा दिसायचा, कडेनं काही दिसायचं नाही, आणि पायरीचा अंदाज चुकून म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडायची. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. ते आपल्या खेड्यापाड्यांत पोचायला पुढं चाळीसेक वर्षं गेली. १९९२ साली मदुराईला कृत्रिम भिंगं बनवणारी ऑरोलॅब उभी राहिली, भिंगं स्वस्त झाली, सरकारी आणि सेवाभावी शिबिरांतून ती गरिबाच्या डोळ्यात बसू लागली. आमच्या दुकानातल्या त्या जाड काचांची पेटी कधी रिकामी झाली आणि पुन्हा भरावी लागली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढं मोठं काम करणाऱ्या लोकांकडून अपेक्षाही मोठी ठेवावी लागते.

मल्टिफोकल, म्हणजे एकाहून जास्त अंतरांच्या, भिंगांनी सुखी झालेली माणसंही माझ्या ओळखीची आहेत आणि ती थोडी नाहीत. बाजारपेठेतले एक कापडवाले मीटरपट्टीवरचे आकडे, बिल आणि दारातून आत येणारं गिऱ्हाईक, तिन्ही बिनचष्म्याचं बघतात आणि भेटेल त्याला तीच भिंगं बसवायला सांगतात. भजनी मंडळातल्या एक काकू हरिपाठ चष्म्याशिवाय वाचतात. संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसतं, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही. या लोकांच्या बाबतीत तुमचा निर्णय बरोबरच होता. माझं म्हणणं एवढंच की कोणत्या माणसाला हे भिंग मानवेल हे त्याच्या डोळ्याइतकंच त्याच्या आयुष्यावरून ठरतं, आणि त्या आयुष्याची चौकशी आधी होत नाही, नोंद नंतर होत नाही.

वाचणाऱ्या सर्वसामान्य लोकांसाठी इथं थोडं खोलात जातो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक समजतात की मल्टिफोकल भिंग म्हणजे डोळ्यात बसवलेली प्रोग्रेसिव्ह काच. तसं नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरच्या भागातून लांबचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसतं, नजर वर-खाली करून कोणता भाग वापरायचा हे आपण ठरवतो. डोळ्यातल्या भिंगात अशी निवड नसते. बहुतेक मल्टिफोकल आणि ट्रायफोकल भिंगांवर एकात एक अतिशय बारीक कडी कोरलेली असतात. ती आत येणारा प्रकाश एकाच वेळी दोन किंवा तीन अंतरांसाठी वाटून देतात. लांबची, मधली आणि जवळची अशा सगळ्या प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एकदमच पडतात. त्यातली हवी ती मेंदूनं उचलायची आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायचं. कळशी तेवढीच, हंडे दोन, तर कुठलाच हंडा काठोकाठ भरत नाही. समसमान वाटणीच्या दोन अंतरांच्या भिंगात साधारण ४१ टक्के प्रकाश लांबच्या प्रतिमेला जातो, तेवढाच जवळच्या प्रतिमेला, आणि सुमारे १८ टक्के कुठल्याच कामी येत नाही. नव्या भिंगांत ही गळती कमी केली आहे, पण वाटणी टळलेली नाही. भरपूर उजेडात हे जाणवत नाही. उजेड कमी झाला, किंवा काळ्या रस्त्यावर करडी म्हैस उभी असावी तशी दोन रंगांतली तफावत कमी असली, की जाणवतं. रात्रीच्या अंधारात समोर एकच प्रखर दिवा असला, की त्याची नको असलेली पसरट प्रतिमा त्याच्याभोवती कड्यासारखी दिसते.

यात मी नवीन काही सांगत नाही. तुम्हाला हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. अमेरिकेत पहिल्या मल्टिफोकल भिंगाला १९९७ साली मान्यता मिळाली, तेव्हापासून हे दुष्परिणाम नोंदलेले आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढला तो असा: लांबची दृष्टी एकाच अंतराच्या साध्या (मोनोफोकल) आणि मल्टिफोकल अशा दोन्ही प्रकारच्या भिंगांत सारखीच, बिनचष्म्याचं जवळचं वाचन मल्टिफोकलमध्ये चांगलं, चष्म्याची गरज कमी, मात्र वलयं आणि चकाकी जास्त व रंगछटांमधली तफावत ओळखण्याची क्षमता कमी. फायदा मोठा की तोटा, हे माणसागणिक वेगळं असेल, असंही त्यात म्हटलं आहे. भिंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकातसुद्धा रात्री वाहन चालवताना काळजी घ्यायचा इशारा असतो. ते पत्रक भिंगाच्या डबीतून निघतं आणि शस्त्रक्रियागृहातच राहतं. माळशेजला जाणाऱ्या माणसाच्या हातात ते पडत नाही.

आता तक्रारी.

पहिली, कामाची चौकशी न होण्याची. दादाचं वर लिहिलंच आहे. पण रात्रीचे ड्रायव्हर एकटेच नाहीत. मंद उजेडात सोन्याचं काम करणारे कारागीर आहेत, पहाटे अंधारात गोठ्यात जाणाऱ्या बायका आहेत, रात्रपाळीचे वॉचमन आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, पडद्यावर त्याच्या खुणा आधीपासून. ज्याचा पडदा, काचबिंदूमुळे डोळ्याची नस किंवा बुब्बुळाचा आकार बिघडलेला आहे, त्याच्या डोळ्यात प्रकाश वाटणारं भिंग घालताना दहादा विचार करावा, असं तुमचीच पाठ्यपुस्तकं सांगतात. या बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल आहे. खिडकीशी बसून त्या वर्तमानपत्र वाचतात, खिडकीपासून दोन पावलं आत आल्या की अक्षरं विरतात. त्यांच्या फायलीतही ६/९ आणि ‘समाधानकारक’ आहे.

दुसरी, संमतीची. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. भिंग कोणतं बसवायचं ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांच्या खोलीत ठरतच नाही. ती ठरते काउन्सेलरच्या टेबलावर, पॅकेजच्या तक्त्यासमोर. सगळ्यात वर सगळ्यात महाग भिंग, त्यापुढं ‘चष्म्यापासून मुक्ती’, आणि सगळ्यात खाली साधं भिंग, त्यापुढं ‘चष्मा लागणार’. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या बापासोबत मुलगा असतो. बापासाठी सगळ्यात खालचं घ्यायला त्याचं मन धजत नाही. साधं मोनोफोकल भिंग रात्रीच्या नजरेला जास्त स्वच्छ असतं, हे त्या तक्त्यावर कुठंही नसतं. एका डोळ्यात लांबचं आणि दुसऱ्यात थोडं जवळचं साधं भिंग बसवून मोनोव्हिजनचा मार्ग निघू शकतो, हे नसतं. लांबपासून मधल्या अंतरापर्यंत सलग दाखवणाऱ्या वाढीव पल्ल्याच्या भिंगांत वलयं सहसा कमी असतात पण बारीक अक्षरांसाठी चष्मा लागू शकतो, हेही नसतं.

आणि सही कधी घेतात? शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, हिरवा डगला चढवून झाल्यावर, बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यानंतर. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यात बाहुली ताणलेली, जवळचं काही वाचता येत नाही, आणि कागद इंग्रजीत. अशा माणसाच्या सहीला संमती म्हणायला माझं मन तयार होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं आहे की उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला समजतील असे सांगून मगच संमती घ्यावी. ही अपेक्षा पूर्ण करायला कुठलं नवं यंत्र लागत नाही. मराठीतला एक कागद आणि आठवडाभराचा अवधी लागतो.

तिसरी तक्रार मोजण्याची. स्नेलेनचा तक्ता १८६२ सालचा आहे. पांढऱ्या पाटीवर काळी कुळकुळीत अक्षरं, सहा मीटरवर. तो मीही रोज वापरतो, त्याच्याशिवाय माझं पानही हलत नाही. पण त्या तक्त्यावर समोरून येणारा दिवा नसतो, संध्याकाळ नसते, करड्यावर करडं अक्षर नसतं. प्रकाश वाटणारं भिंग जिथं कमी पडतं, नेमकं तेच हा तक्ता तपासत नाही. फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा पेली-रॉबसन तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे. तो भिंतीवर लावायचा असतो, तपासायला काही मिनिटं लागतात. आणि त्याहून सोपं म्हणजे माणसाला विचारणं: रात्री दिवे कसे दिसतात, त्यामुळे कोणतं काम सोडावं लागलं का, पुन्हा निवड करायची वेळ आली तर हेच भिंग घ्याल का. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथं तक्त्यावरच्या आकड्यांसोबत रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेऊन रोजच्या कामांत काय फरक पडला तेही पाहिलं जातं. आपल्याकडे वर्षाला लाखो शस्त्रक्रिया होतात. महागडं भिंग बसवलेल्या किती मराठी माणसांनी रात्रीची गाडी सोडली, हा आकडा कुणाकडेही मागितला तरी मिळणार नाही.

चौथी आहे ‘सवय होईल’ या उत्तराची. काही महिन्यांत पुष्कळांचा मेंदू जुळवून घेतो, हे मी नाकारत नाही. मीही लोकांना तेच सांगून धीर देतो. पण हे उत्तर तपासणीनंतर द्यायचं आहे, तपासणीच्या ऐवजी नाही. दादाला तीन वेळा हेच सांगून परत पाठवलं. मी दुकानात बसवून नंबर काढला तर एका डोळ्यात सव्वाचा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर, उरलेला निघाला. ट्रायल फ्रेममध्ये तेवढी काच घातली आणि रात्री त्याला रस्त्यावर घेऊन गेलो. वलयं गेली नाहीत, पण लहान झाली, आणि दिव्यामागची गाडी ट्रक आहे की टेम्पो हे त्याला ओळखता आलं. रुग्णालयात मात्र त्याला सांगितलं होतं की या भिंगाला नंबर येतच नाही. साध्या भिंगात एवढा सिलिंडर माणूस कसाबसा खपवून घेतो. प्रकाश आधीच वाटला गेलेला असला की तेवढाच नंबर सगळं चित्र बिघडवतो.

हे एकट्या दादाचं नाही. मल्टिफोकल भिंगं बसवून असमाधानी असलेल्या रुग्णांवरचे दोन अभ्यास, एक अमेरिकेतला २००९ चा आणि एक नेदरलँड्समधला २०११ चा, तुमच्या वाचनात आले असतील. दोन्हींत सर्वांत मोठी तक्रार अंधूक दिसण्याची होती, दहातल्या नऊहून जास्त डोळ्यांत. कारणं निघाली ती उरलेला नंबर, कोरडा डोळा, भिंग ज्या पातळ पिशवीत बसतं तिच्या मागच्या पडद्यावर (प्रतिमा पडते तो पडदा वेगळा) आलेली धूसरता अशी, म्हणजे शोधली तर सापडणारी. दोन्ही ठिकाणी दहातल्या आठहून अधिक डोळ्यांवर भिंग न काढता उपाय करता आला. भिंग बदलण्याची पाळी एकीकडे शंभरात सात आणि दुसरीकडे शंभरात चार डोळ्यांवर आली. इतक्या लोकांचं दुखणं कमी करता येत असताना त्यांना सवयीवर सोडून देणं मला सहन होत नाही.

यातच यॅग लेझरचं येतं. तक्रार घेऊन दोनदा-तीनदा गेलं की ‘मागचा पडदा लेझरनं साफ करू’ असं सुचवलं जातं. पडदा खरोखर धूसर झाला असेल तर हा चांगला उपाय आहे, माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांना त्यानं लख्ख दिसलंय. पण ज्याला वलयं पट्टी काढल्याच्या दिवसापासून दिसतायत, त्याचं कारण नंतर धूसर झालेला पडदा कसा असेल? एकदा मागच्या पडद्याला लेझरनं छिद्र पाडलं की पुढं भिंग बदलायची वेळ आली तर ती शस्त्रक्रिया जास्त जोखमीची होते. दरवाजा बंद करण्याआधी माणसाला तो दरवाजा होता हे कळलं पाहिजे. दादाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी अडवलं म्हणून लेझर झालं नाही. ज्यांच्या घरात चष्मेवाला भाऊ नाही, त्यांनी काय करायचं?

पैशाचं थोडक्यात. दादासाठी घेतलेलं एका डोळ्याचं पॅकेज साध्या भिंगाच्या तिपटीहून जास्त होतं, आणि बिलात भिंगाची किंमत वेगळी नव्हती. ‘आरोग्य संजीवनी’सारख्या प्रमाणित विमा पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यातलं जे कमी असेल तेवढंच मिळतं. वरचं सगळं घरातून, नाहीतर सोसायटीच्या कर्जातून. हृदयातल्या स्टेंटवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किमतीची मर्यादा आली, स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवणं भाग पडलं. डोळ्याच्या भिंगाचं तसं व्हायला कुणाची हरकत असावी, मला समजत नाही.

आता मागण्या. त्यातली एकही तुमच्या आवाक्याबाहेरची नाही.

शस्त्रक्रियेआधी प्रत्येक रुग्णाकडून मराठीत एक पान भरून घ्या: रात्री वाहन चालवता का, काम कोणत्या उजेडात करता, बारीक काम किती अंतरावरचं, चष्मा लागला तर कितपत चालेल. हे पान वाचून भिंगाची शिफारस डॉक्टरांनी स्वतः करावी आणि तिचं कारण लिहावं. काउन्सेलरनं हिशेब सांगावा, भिंग सुचवू नये.

साधं भिंग, मोनोव्हिजन, वाढीव पल्ल्याचं भिंग, मल्टिफोकल, ट्रायफोकल, या प्रत्येकाचे फायदे आणि तोटे सांगणारं एक मराठी पत्रक संघटनेनं तयार करून सर्व सदस्यांना द्यावं. वलयं, रात्रीचं वाहन आणि कमी उजेडातलं वाचन यांचा त्यात ठळक उल्लेख हवा. रुग्णाला ते घरी नेऊन वाचता यावं, निदान आठ दिवस आधी. संमतीपत्र मराठीत असावं आणि त्यावरची सही डोळ्यात थेंब घालण्याआधी व्हावी. ‘चष्म्यापासून कायमची मुक्ती’ असले फलक सदस्यांनी उतरवावेत. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत अनुचितच मानलेलं आहे.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल बसवलेल्या प्रत्येकाची तीन महिन्यांनी पूर्ण तपासणी व्हावी: उरलेला नंबर, अश्रूंचा थर, फिकट अक्षरांचा तक्ता आणि रात्रीच्या नजरेविषयीचे प्रश्न. निकालाची प्रत रुग्णाला मिळावी. तक्रार असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय आणि कारण लिहून दिल्याशिवाय यॅग लेझर करू नये. हवं असेल त्याला दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मिळावं आणि त्यासाठी फाइल अडवून ठेवू नये. भिंग बदलण्याचा पर्याय आहे की नाही, त्यात जोखीम किती, हे त्याला वेळेत कळावं, कारण जितका उशीर तितकं भिंग पिशवीत घट्ट रुततं.

बिलात भिंगाची किंमत, कंपनी, मॉडेल आणि क्रमांक वेगळे दाखवावेत. डबीतला स्टिकर रुग्णाच्या कार्डावर चिकटवावा. अजूनही लोक माझ्याकडे ‘अमेरिकन लेन्स’ एवढ्याच माहितीवर येतात, आणि डोळ्यात काय आहे ते त्यांच्या कागदांवरून मला सांगता येत नाही. भिंगामुळे झालेल्या त्रासाची नोंद २०१५ पासून चालू असलेल्या वैद्यकीय उपकरण सुरक्षा कार्यक्रमाकडे कळवण्याची सवय सदस्यांना लावावी.

आरोग्य विभागाला सांगणं असं की २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांमुळे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालेलं आहे. त्याच आधारावर भिंगांचे दर आणि वरचं मराठी पत्रक प्रत्येक नेत्ररुग्णालयात लावायला सांगा. आणि राज्याची एक नोंदवही सुरू करा. एकदम सगळीकडे जमत नसेल तर एका जिल्ह्यापासून करा. त्यात कोणतं भिंग, आधी डोळ्याची स्थिती काय होती, तीन महिन्यांनी आणि वर्षानं काय दिसतं, आणि रुग्ण स्वतः काय म्हणतो, एवढं असलं तरी पुरेल. दरवर्षी ते आकडे छापा, रुग्णालयांची नावं न घालता छापलेत तरी चालेल.

दादाच्या डोळ्यांसाठी आम्ही दुसऱ्या तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो रात्री किती तास गाडी चालवता हा. असे डॉक्टर तुमच्यात आहेत, म्हणूनच हे पत्र न्यायालयाकडे न जाता तुमच्याकडे आलंय.

तुमच्या येत्या वार्षिक परिषदेत नव्या भिंगांवर सत्रं होतीलच. त्यातला एक तास असमाधानी रुग्णांसाठी ठेवा आणि वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, याचं जाहीर उत्तर द्या. बोलावलंत तर मी येईन. दुकानातल्या नोंदी, नावं झाकून, सोबत आणीन.

कळावे,
आपला,
जुन्नर तालुक्यातला एक चष्मेवाला